नोंद रुग्णाची, पासवर्ड सगळ्यांचा : वऱ्हाडातील आरोग्य-माहितीच्या सुरक्षिततेचा आढावा

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्या आठांत अमरावती होता. अकोल्यासह उरलेल्या महाराष्ट्राची पाळी २०१३ च्या नोव्हेंबरात आली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड घेऊन माणूस दवाखान्यात यायचा. टेबलाशी बसलेला आरोग्यमित्र त्याचा फोटो काढायचा, कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि डॉक्टरांचे कागद स्कॅन करून चढवायचा आणि मंजुरी आली की शस्त्रक्रियेची तारीख मिळायची. लोकांच्या लक्षात राहिले ते फुकटात झालेले हृदयाचे ऑपरेशन. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडत होती, तिची चर्चा मात्र कुणी केली नाही. गरीब माणसाच्या आजाराची नोंद दवाखान्याच्या कपाटातून निघून विमा कंपनी, तिची मध्यस्थ संस्था आणि दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊ लागली होती.

तेव्हापासून ही वाट रुंदच होत गेली. गरोदर बाईची नोंद आरसीएच पोर्टलवर, क्षयरुग्णाची नि-क्षयवर, बाळाच्या लसींची यू-विनवर, अंगणवाडीतल्या मुलाच्या वजनाची पोषण ट्रॅकरवर, औषधांचा साठा ई-औषधीवर, दूरच्या डॉक्टरांचा सल्ला ई-संजीवनीवर आणि या सगळ्यांच्या वर चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक. अमरावतीचे इर्विन आणि डफरीन, अकोल्याचे सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग, धारणीचे उपजिल्हा रुग्णालय, गावोगावची उपकेंद्रे, सगळीकडे आता केसपेपरच्या जोडीला पडदा आहे. पडद्यामागे साठलेली ही माहिती सांभाळतो कोण, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. उत्तराची दिशा आधीच सांगून टाकतो. जे तंत्रज्ञान वरून सक्तीने येते ते वापरले जाते, पण सांभाळले जात नाही. वऱ्हाडातला धोका परदेशी हॅकरपेक्षा या सक्तीतून जास्त निर्माण होतो आणि त्याचा अभ्यास करणारी शाखा आपल्या विद्यापीठांत दोन विद्याशाखांच्या मधल्या फटीत पडली आहे.

विषयाची जडणघडण

आरोग्य-माहितीची सुरक्षितता हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून १९९० च्या दशकात उभा राहिला. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सगळे दवाखाने एका जाळ्यात जोडू पाहत होती. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांच्याकडून १९९६ मध्ये एक सुरक्षा धोरण लिहून घेतले. कोणती नोंद कोण पाहू शकतो याची यादी नोंदीगणिक असावी, ती रुग्णाला माहीत असावी, आणि लाखो नोंदी एका जागी गोळा करून शेकडो हातांत देऊ नयेत, हा त्याचा गाभा. कुलूप कितीही पक्के असले तरी किल्ल्या जितक्या वाढतील तितकी चोरी घरातूनच होणार, हे त्यांनी तेव्हा बजावले होते.

पाठोपाठ अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधिकेने दाखवून दिले की नाव पुसल्याने माणूस लपत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांची नावे काढलेली रुग्णालयीन माहिती तिने मतदार यादीशी ताडून पाहिली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद तिच्या हाती लागली. बोस्टनसारख्या शहराच्या परिसरात हे होत असेल, तर मेळघाटातल्या तीस-चाळीस घरांच्या ढाण्यात काय होईल? ‘वय २३, दुसरे बाळंतपण, सिकलसेल’ एवढे शब्द कुठल्याही तक्त्यात छापले गेले की गावाला नाव विचारायची गरज उरत नाही. लहान गावातली आकडेवारी हीच ओळख असते. शहरांसाठी बनलेले नियम इथे तोकडे पडतात.

माहितीची सुरक्षितता म्हणजे फक्त गुपित राखणे असा आपला समज असतो. अभ्यासक तीन गोष्टी मोजतात. माहिती नको त्याच्या हाती जाऊ नये, ती खरी राहावी, आणि हवी तेव्हा मिळावी. वऱ्हाडात या तिन्ही आघाड्यांवर काय दिसते, ते क्रमाने पाहू.

नको त्याच्या हाती

मोठ्या फुटीच्या बातम्या सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरात विनापासवर्ड उघड्या पडलेल्या एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआयच्या प्रतिमांची मोजदाद केली. भारतात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागला: ३ लाख ८ हजारांहून अधिक तपासण्या, सुमारे ७ कोटी प्रतिमा. यात चोराने काही फोडलेले नव्हते. प्रतिमा साठवणारे सर्व्हर इंटरनेटला जोडले होते आणि त्यांना कडीच लावलेली नव्हती. जून २०२३ मध्ये लसीकरणाच्या कोविन नोंदींतली माहिती टेलिग्रामवर मोबाईल क्रमांक टाकताच मिळत असल्याचे उघड झाले.

गावपातळीवरची फूट मात्र बातमीत येत नाही, कारण तिला कुणी फूट म्हणतच नाही. आयुष्मान कार्डाचे शिबिर डोळ्यांपुढे आणा. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लॅपटॉप, बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि बायांची रांग. म्हातारीचे बोट उठत नाही. आयुष्य कापूस वेचण्यात गेले, ठसा झिजला. मग ओटीपी. ‘आजी, फोन कुठी हाय?’ ‘पोराजोळ हाय, तो पुण्याले.’ मग पोराला फोन, पोरगा ओटीपी सांगतो, तो चारचौघांत मोठ्याने म्हटला जातो आणि कार्ड निघते. आधार, रेशनकार्ड यांचे फोटो काम लवकर व्हावे म्हणून आधीच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवलेले असतात. शिबिर संपते, फोटो ग्रुपवर राहतात. झेरॉक्सच्या दुकानात जीवनदायीची फाइल स्कॅन होते आणि त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर महिनोन्‌महिने पडून असते. यात कुणाचा हेतू वाईट नाही. म्हणूनच यावर पोलिसी उपाय नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावरही हेच. परिचारिका सकाळी लसीकरणाला गावात गेलेली असते, वैद्यकीय अधिकारी ओपीडीत किंवा जिल्ह्याच्या बैठकीत. पोर्टल मात्र प्रत्येकाच्या नावाने वेगळे लॉगिन मागते आणि महिनाअखेरीचा अहवाल थांबत नाही. मग सगळ्यांचे लॉगिन डेटा एन्ट्री ऑपरेटरकडे जमा होतात. हा ऑपरेटर बहुधा कंत्राटी आणि पगार वेळेवर न मिळणारा. पासवर्डांची यादी ड्रॉवरमधल्या वहीत किंवा मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. उद्या कुणी एखादी नोंद उघडून पाहिली, तर ती ‘परिचारिकेने पाहिली’ असेच सर्व्हर सांगेल.

बाहेरच्या जगात यावर चांगले काम झाले आहे. अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सास यांनी १९९९ मध्येच मांडले की पासवर्ड लिहून ठेवणारा कर्मचारी शत्रू नसतो. त्याच्या कामाशी न जुळणारी पद्धत त्याला तसे करायला लावते. रॉस कोपेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकी रुग्णालयांतल्या अशाच पळवाटा नोंदवल्या. पासवर्ड पाळावा की रुग्ण वाचवावा, अशी निवड समोर आली की डॉक्टर-नर्स दुसरी बाजू घेतात. बरोबरच करतात. तिथे लॉगिन नर्सच्या हातून सुटते, इथे ते ऑपरेटरच्या वहीत जमा होते. कारण एकच.

काही आजारांत गुपिताची किंमत जास्त असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती कायद्यानेही मान्य केली आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात नोंदी सांभाळण्याचे बंधन स्पष्ट लिहिले आहे. तरीही ओळखीचे कुणी भेटेल म्हणून आपला जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रावर जाणारे रुग्ण असतात. म्हणजे कायद्यापेक्षा एसटीवर त्यांचा भरवसा अधिक.

सिकलसेलची गोष्ट याहून अवघड. विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथून देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तपासणीनंतर कार्डे वाटली जाऊ लागली. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे लग्नाआधी कळावे हा कार्डाचा हेतू रास्तच आहे. पण कार्ड आधी कुणाच्या हाती पडते? वाहक मुलगी स्वतः धडधाकट असते. तरीही तिच्या कार्डाची बातमी गावात फिरली की स्थळे येणे थांबते. मुलाचे कार्ड सहसा कुणी विचारत नाही. इथे माहिती फुटण्याची किंमत कुणाच्या वाट्याला येते, हे कोणत्याही तांत्रिक अहवालात सापडणार नाही.

खरी राहावी

नोंद खोटी पडली तर काय होते, याचे ठळक उदाहरण अमरावती विभागातच घडले. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातले शेंदुरसनी हे हजार-दीड हजार वस्तीचे गाव. तिथल्या ग्रामपंचायतीच्या नावाने जन्म-मृत्यूच्या नागरी नोंदणी प्रणालीत अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघड झाले. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. राजकीय आरोप-प्रत्यारोप व्हायचे ते झाले. आपल्या विषयापुरता प्रश्न साधा आहे. एका खेड्याच्या लॉगिनवरून महिन्याला हजारो बाळे जन्मत असताना त्या प्रणालीत एकही घंटा का वाजली नाही? महिन्याला एक-दोन जन्म नोंदवणारे खाते एकदम हजारांवर गेले की ते आपोआप गोठावे, ही संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचणारी तरतूद आहे.

खोटी नोंद जशी चोरून घुसते, तशी खरी नोंद गळतेही. मेळघाटातील बालमृत्यू १९९३ साली देशापुढे आले. पुढे त्यासंबंधीच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालत राहिल्या. सरकारी आकडा आणि गावात काम करणाऱ्या संस्थांचा आकडा यांत दर वेळी अंतर निघते. याला एक साधे कारण आहे. कोरकू कुटुंबे पिके निघाल्यावर कामाच्या शोधात खाली उतरतात आणि होळीला गावी परततात. मधल्या काळात बाळ जन्मले वा दगावले तर त्याची नोंद धारणीच्या पोर्टलवर करायची की जिथे कुटुंब कामाला गेले तिथल्या? दोन्हीकडे होऊ शकते, किंवा कुठेच होत नाही. दुसरे कारण तितके साधे नाही. आकडा वाढला की खालच्या कर्मचाऱ्याला नोटीस येते. म्हणून आकडा वाढू दिला जात नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. गोपनीयतेच्या नावाखाली मृत्यूंचे आकडे झाकायची सोय कुणालाही मिळता कामा नये. मेळघाटात जे काही सुधारले, ते आकडे चव्हाट्यावर आल्याने सुधारले. बाईचे नाव झाका, गावाचा मृत्युदर झाकू नका. ही रेघ कुठे ओढायची, हा या विषयातला सर्वांत कठीण आणि इथल्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा प्रश्न आहे.

हवी तेव्हा मिळावी

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातले एक अग्रगण्य रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे हाताने केसपेपर लिहू लागले. त्याची बातमी जगभर गेली. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तशीच वेळ आली, आणि तीही हल्ल्याविना. रुग्णनोंदींची एचएमआयएस ही प्रणाली चालवणारी कंपनी आणि सरकार यांच्यात देण्याघेण्याचा वाद झाला आणि प्रणाली बंद पडली. अनेक वर्षांच्या नोंदी डॉक्टरांना दिसेनाशा झाल्या. रुग्णांच्या हातात पुन्हा कागद आले. पुढे सरकारने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-हॉस्पिटलची वाट धरली. रुग्णाच्या दृष्टीने हॅकर आणि करार मोडलेला ठेकेदार यांत फरक नाही, जुना अहवाल दोघांमुळेही मिळत नाही. करार करतानाच ‘करार संपला तर नोंदी कोणत्या रूपात, किती दिवसांत परत मिळतील’ हे कलम लिहिणे हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे.

उपलब्धतेचा दुसरा धडा हरिसालचा. अमरावतीहून परतवाडामार्गे धारणीला जाताना लागणारे हे गाव २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडले गेले. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींतून इंटरनेट, त्यावर शाळा, दुकाने आणि टेलिमेडिसिन अशी योजना होती. एप्रिल २०१९ मध्ये राज ठाकरे यांनी निवडणुकीच्या सभेत हरिसालची चित्रफीत दाखवून दावे पोकळ असल्याचे म्हटले. सरकारने आरोप फेटाळले. कोण खरे, याचा निवाडा सभेत होत नसतो. तो मोजणीने होतो. टेलिमेडिसिन केंद्रात रोज किती रुग्ण बसले, किती वेळा जोडणी तुटली, किती जणांना तरीही परतवाड्याला किंवा अमरावतीला जावे लागले, अशी वर्षभराची स्वतंत्र नोंद लोकांपुढे असती, तर चित्रफितींना एवढे महत्त्व आलेच नसते.

स्वीकार कसा होतो

नवे तंत्र माणसे का स्वीकारतात, याचा अभ्यास शेतात सुरू झाला, हे वऱ्हाडी वाचकाला जवळचे वाटेल. १९४३ मध्ये रायन आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतील आयोवात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांत कसे पसरले ते तपासले. त्याच आयोवातल्या शेतकरी घरात वाढलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला. पुढे फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणकाच्या स्वीकाराचे दोन आधार सांगितले: उपयोग दिसला पाहिजे आणि वापर सोपा वाटला पाहिजे. २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात आसपासच्यांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी यांची भर घातली. तंत्र ऐच्छिक आहे की सक्तीचे, यावरून गणित बदलते, हेही त्यांनी नोंदवले.

आता हे वऱ्हाडाला लावून पाहा. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच इथले रान तिने व्यापले. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे तर शेतकरी संघटनेने सरकारची परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण वऱ्हाडी माणूस नव्या तंत्राला बिचकतो, असे म्हणायची सोय उरत नाही. फायदा स्वतःच्या धुऱ्याच्या आत दिसला की त्याला कायदाही थांबवू शकत नाही.

याच मातीत ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन जुनाट, मेमरी अपुरी आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत, ही त्यांची तक्रार. २०२३ च्या आंदोलनात आशा सेविकांनीही ऑनलाइन कामाच्या सक्तीला विरोध केला. हरियाणात आशांनी तर फोनमध्ये घातलेले नियंत्रण ॲप म्हणजे आपल्यावरची पाळत आहे म्हणून ते नाकारले. बीटी पेरणारे घर आणि मोबाईल परत करणारी सेविका यांच्या स्वभावात फरक नाही. बहुतेकदा ते एकच घर असते. फरक फायद्याचा आहे. कपाशीचा फायदा पेरणाऱ्याला मिळतो. पोर्टलवर भरलेल्या माहितीचा फायदा वरच्या कार्यालयाला मिळतो, आणि भरणारीला मिळते ती ‘तुमचे काम ८० टक्केच’ अशी नोटीस.

माझा मुख्य मुद्दा इथे पक्का होतो. सक्तीने वापर वाढतो, म्हणून ‘स्वीकार झाला’ असा अहवाल जातो. पण ज्याला त्या माहितीत स्वतःचे काही दिसत नाही, तो ती राखायलाही बसत नाही. लॉगिन देऊन टाकतो, अंदाजे आकडे भरतो, फोटो ग्रुपवर टाकतो. स्वीकाराचा अभ्यास आणि सुरक्षिततेचा अभ्यास हे दोन विषय म्हणून चालवले की हा धागा हातातून सुटतो.

कायद्याची बाजू

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ म्हटले, पण त्यांचा रोख कंपन्यांवर होता. इर्विन किंवा सर्वोपचार त्या चौकटीत बसतच नव्हते. २०१८ मध्ये खास आरोग्य-माहितीसाठी ‘दिशा’ नावाचा मसुदा आला आणि बाजूला पडला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्याला, लागू होतील. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या कायद्यात आरोग्य-माहितीचा वेगळा, अधिक जपायचा वर्ग नाही. मोबाईल क्रमांक आणि एचआयव्हीचा अहवाल एकाच मापाने मोजले जातील. शिवाय संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळावी असे त्यात आहे. मराठी त्या यादीत आहे, कोरकू नाही. म्हणजे धारणी-चिखलदऱ्यातल्या बाईला तिच्या भाषेत विचारण्याचे बंधन कुणावरच नाही. ज्या ठिकाणी संमती समजावून सांगण्याची गरज सर्वाधिक, तिथेच कायद्याची भाषा संपते.

विद्यापीठ कुठे आहे

एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला या विषयात अध्यापन-संशोधनाची कारकीर्द करायची असेल, तर वऱ्हाडात वाट कशी आहे? वरवर पाहता साहित्य भरपूर. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून पाच जिल्हे सांभाळते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. बडनेरा, शेगाव इथली महाविद्यालये चार दशके जुनी. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चे, आणि २०२४ मध्ये अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले.

अडचण रचनेत आहे. अभियांत्रिकी गाडगे बाबा विद्यापीठाकडे, वैद्यक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. पीएच.डी.चा मार्गदर्शक एका विद्याशाखेचा, रुग्ण दुसरीकडे. रुग्णांच्या माहितीवर काम करायला लागणारी नैतिकता समिती वैद्यकीय महाविद्यालयात असते, संगणक विभागात सहसा नसते. मग संगणकाचा विद्यार्थी एक्स-रेमध्ये जलचिन्ह लपवणे किंवा ब्लॉकचेनवर रुग्णनोंद ठेवणे असा विषय घेतो आणि त्यासाठी बोस्टनच्या रुग्णालयातून जगभर दिला जाणारा ‘मिमिक’ हा संच उतरवून घेतो. काम तांत्रिकदृष्ट्या चोख असते, पण शहरातल्याच इर्विनमध्ये पासवर्ड कुठे चिकटवला आहे, हे त्या प्रबंधाला कळत नाही. दुसरीकडे व्यवस्थापनाचा विद्यार्थी डेव्हिस-वेंकटेश यांची प्रश्नावली गुगल फॉर्मवर दोनशे जणांना पाठवतो आणि ‘उपयोग दिसला तर स्वीकार वाढतो’ हे पुन्हा एकदा सिद्ध करतो. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती ठरत असेल, तर वर्षभर उपकेंद्रावर बसण्याचा तोटा कोण सोसणार?

तरी हे जमू शकते, याचा पुरावा घरचाच आहे. मे २०२० मध्ये अमरावती विद्यापीठाने आपल्या आवारात करोना चाचणीची प्रयोगशाळा उभी केली. विद्यापीठाचे जीवशास्त्र आणि जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा एका टेबलावर आली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात सर्वांत आधी अमरावती पुन्हा टाळेबंदीत गेली तेव्हा ती प्रयोगशाळा कामी आली. साथीत जे झाले ते साथ नसताना का होऊ नये? मुंबईच्या आयआयटीत २०२१ पासून कोयटा डिजिटल आरोग्य केंद्र आहे. अभियंते आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून पदव्या देता येतात, हे त्याने दाखवले आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये आरोग्य-नोंदींच्या मानकांवर राष्ट्रीय पातळीचे काम चालते. पण पवईला मेळघाट नाही. तो अमरावतीला आहे.

म्हणून मागण्या थोड्या आणि करता येण्यासारख्या ठेवू. दोन्ही विद्यापीठांनी या विषयात संयुक्त मार्गदर्शक आणि एक सामाईक नैतिकता समिती मान्य करावी. आरोग्य केंद्रात प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन मिळावे आणि कंत्राटी ऑपरेटरला अधिकृत, मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते मिळावे. आज तो दुसऱ्याच्या नावाने वावरतो, यात त्याचाही बळी जाऊ शकतो. संमतीची सूचना कोरकूत ध्वनिमुद्रित करून ऐकवावी. माहिती फुटली, चुकली किंवा अडली, तर त्याची नोंद जिल्हा पातळीवर शिक्षेच्या भीतीविना व्हावी. आणि आशाने भरलेल्या माहितीतून तिच्या गावापुरता एक पानाचा उपयोगी गोषवारा दर महिन्याला तिलाच परत मिळावा. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

विषयाच्या शोधात असलेल्या वऱ्हाडातल्या संशोधक विद्यार्थ्यांना एक सांगणे. अल्गोरिदम निवडण्याआधी सहा महिने चिखलदरा, बार्शीटाकळी किंवा दर्यापूरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात, परवानगी काढून, डेटा एन्ट्रीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसा. कायद्याची बंधने २०२७ मध्ये लागू होतील तेव्हा प्रत्येक जिल्ह्याला हा विषय आतून कळणारी माणसे लागतील आणि आज ती अमरावती-अकोल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही तयार होत नाहीत.